मूल जेवत नाही, म्हणून त्याला संशोधनात घालावं का?

पत्राचा गोषवारा: एका आईचा मुलगा बावीस महिन्यांचा आहे. दहा महिन्यांचा होईपर्यंत तो दिलेलं सगळं खायचा. आता भात, केळं, उकडलेला बटाटा आणि बिस्किट एवढ्यावरच आहे. भाजी दिसली की तोंड मिटतो, बळेच भरवली तर थुंकतो. एकेक जेवण तासभर चालतं, तेही मोबाइल समोर धरून. 'निदान पोटात काही जावं' म्हणून दिवसातून पाच बाटल्या दूध दिलं जातं. वर्षाचा असताना वजन ९.२ किलो होतं, आता ११.२ आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही, पण घरात कुणालाच ते पटत नाही. अशात मुलांच्या खाण्यावर चाललेल्या एका अभ्यासात भाग घ्याल का, अशी विचारणा झाली आहे. एका गटाला चौदा दिवस भाजी चाखवण्याची पद्धत शिकवणार, दुसऱ्या गटाला फक्त माहितीपत्रक. कोण कुठल्या गटात, ते संगणक ठरवणार. आईला वाटतं, हा शेवटचा उपाय आहे. वडील म्हणतात, 'आपल्या पोरावर प्रयोग नकोत.' दुसऱ्या गटात नंबर लागला तर वेळ फुकट जाईल, ही आईची धास्ती आहेच. सही करावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता, अर्ध्या वाक्यात लिहिली आहे: पाच बाटल्या दूध. संमतीपत्राकडे वळण्याआधी तिथेच थांबू या.

बाटली साधारण १८० मिलिलिटरची धरली तर पाच बाटल्यांचे ९०० मिलिलिटर होतात. एवढ्या दुधातून जवळजवळ ६०० कॅलरी मिळतात. या वयाच्या मुलाला दिवसभरात लागतात साधारण ९००. म्हणजे भाजीचा पहिला घास समोर येण्याआधीच दिवसाच्या गरजेचा दोन तृतीयांश भाग भरलेला असतो. उरलेल्या ३०० कॅलरी तो भात, केळं आणि बिस्किटातून आरामात भागवतो. हे मूल उपाशी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे. आणि पोट भरलेल्या माणसाला, वय कितीही असो, नवी भाजी गोड लागत नाही.

दुधाचा दुसरा घोळ लोहाचा. दुधात लोह अगदी कमी असतं, आणि ते ज्या अन्नातून मिळतं त्या अन्नाची जागा दूध बळकावतं. लोह कमी पडलं की भूक मंदावते, भूक मंदावली की 'निदान दूध तरी' म्हणून आणखी एक बाटली जाते. हे चक्र वजनाच्या काट्यावर दिसत नाही, कारण वजन दुधावरही वाढतं. तेव्हा डॉक्टरांना हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या दोन तपासण्यांबद्दल विचारा, आणि विचारताना दुधाचा आकडा मिलिलिटरमध्ये सांगा. 'दूध बऱ्यापैकी पितो' एवढंच त्यांच्या कानावर गेलं असेल, तर 'काळजीचं कारण नाही' हे उत्तर अपुऱ्या माहितीवर दिलेलं आहे.

आता वजन. पहिल्या वर्षात मूल साधारण सहा किलोंनी वाढतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलोंनी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली सहा देशांतल्या मुलांच्या मोजमापांवरून वाढीचे तक्ते काढले. त्यात मुलग्यांची मधली रेघ (निम्मी मुलं तिच्या वर, निम्मी खाली) जन्माला ३.३, वर्षाला ९.६ आणि दोन वर्षांना १२.२ किलोवर आहे. तुमचा मुलगा वर्षाचा असताना मधल्या रेघेच्या जरा खाली होता, आजही तितकाच खाली आहे. त्याने आपला पट्टा सोडलेला नाही. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आल्यावर भूकही उतरते. 'दहा महिन्यांचा होता तेव्हा किती खायचा' ही तुलना म्हणून फसवी आहे. तेव्हाचं शरीर वेगळ्या वेगाने वाढत होतं.

तुम्ही एकेका जेवणाचा हिशेब ठेवता, हेही जरा तपासून पाहू. १९९१ साली लिअन बर्च या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं खाणं सहा दिवस, चोवीस तास मोजलं. एकाच मुलाचं एकेका जेवणातलं खाणं सरासरीच्या मागेपुढे ३३ टक्क्यांपेक्षा जास्त हलत होतं. पण त्याच मुलाच्या दिवसभराच्या कॅलरींची बेरीज मात्र १० टक्क्यांच्या आसपासच हलली. दुपारी दोन घासांवर उठलेलं मूल संध्याकाळी भरपाई करत होतं, कुणी न सांगता. पंधरा मुलं म्हणजे अभ्यास लहानच, पण मोजणी काटेकोर होती. दुपारचं ताट परत आलं म्हणून तुम्ही जी बाटली देता, ती नेमकी ही भरपाई मोडते.

नव्या किंवा हिरव्या पदार्थाला तोंड मिटणं हेही या वयाचंच लक्षण आहे. ते साधारण दोन ते सहा या वर्षांत सर्वांत ठळक असतं. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांतून दिसतं की या बुजरेपणात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. लंडनमधल्या संशोधकांनी सोळा महिन्यांच्या जुळ्यांत तो ५८ टक्के मोजला. (याचा अर्थ तुमच्या मुलाच्या बुजरेपणातला ५८ टक्के भाग जनुकांचा, असा नाही. मुला-मुलांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा भाग जनुकांनी समजावता येतो. वर्तमानपत्रांतून हा घोटाळा नेहमी होतो.) तुमच्याकडून काही चुकलं म्हणून तो असा झाला, हे मनातून काढून टाका.

बळजबरी मात्र सोडावी लागेल, कारण तिच्यावर थेट प्रयोग झालेला आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या २७ मुलांना दोन प्रकारची सुपं दिली गेली. एका सुपाच्या वेळी मोठी माणसं 'संपव ना' म्हणून आग्रह करत होती, दुसऱ्याच्या वेळी गप्प होती. मुलांनी आग्रह नसलेलं सूप जास्त प्यायलं, आणि आग्रहाच्या सुपाला भरपूर नावं ठेवली. मोबाइलबद्दल साधा विचार पुरे: चव शिकायला ती चव लक्षात यावी लागते. पडद्याकडे बघत गिळलेला घास पोटात जातो, ओळखीचा होत नाही.

आता सहीकडे येऊ. तुमचे पती म्हणतात तो 'प्रयोग' हा शब्द इतका वाईट नाही. आज आपण लहान मुलांच्या खाण्याबद्दल जे खात्रीने सांगतो, ते कुणाच्या तरी मुलांनी प्रयोगात भाग घेतल्यामुळेच. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांवर लंडनमध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१५ साली आला. ज्या बाळांच्या त्वचा-चाचणीत सुरुवातीला शेंगदाण्याची प्रतिक्रिया दिसली नव्हती, त्यांच्यापैकी शेंगदाणा टाळलेल्यांत पाचव्या वर्षी १३.७ टक्क्यांना शेंगदाण्याची ॲलर्जी होती. लवकर आणि नियमित खाल्लेल्यांत ती १.९ टक्के निघाली. त्याआधी कित्येक वर्षं जोखमीच्या बाळांना 'शेंगदाणा टाळा' असा सल्ला दिला जायचा. सल्ला उलटा फिरला तो प्रयोगामुळे.

पण पतींची शंका अगदीच निराधार नाही. १९२० आणि ३०च्या दशकांत क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरांनी नुकतीच अंगावरून सुटलेली पंधरा बाळं सहा महिने ते साडेचार वर्षं इतका काळ संस्थेत ठेवली आणि समोर मांडलेल्या पदार्थांतून त्यांना हवं ते, हवं तेवढं खाऊ दिलं. परिचारिकांना आग्रह करायची मनाई होती. मुलं उत्तम वाढली. आजची कुठलीही नीतिमत्ता समिती असा अभ्यास मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. तरी त्याचा निष्कर्ष अजून चुकीचा सांगितला जातो: 'मुलाला हवं ते खाऊ द्या, शरीर बघून घेतं.' डेव्हिसबाईंनी स्वतःच लिहून ठेवलं की खरी मेख पदार्थांच्या यादीत होती. ३४ पदार्थ, सगळे साधे, ताजे, साखर न घातलेले. त्यांतून काहीही निवडलं तरी बिघडण्यासारखं काही नव्हतंच. काय मांडायचं आणि केव्हा, हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, किंवा खायचं की नाही, हे मुलाने. तुमच्या घरात सध्या नेमकं उलट चाललंय: काय मिळणार ते तो ठरवतो, आणि किती गिळायचं ते तुम्ही.

माहितीपत्रकाच्या गटाची धास्ती समजण्यासारखी आहे. असाच अभ्यास ब्रिटनमध्ये झाला, २००३ साली प्रसिद्ध झाला. दोन ते सहा वर्षांच्या मुलांचे १५६ पालक, तीन गट: एक रोज चाखवणारा, एक पोषणाची माहिती मिळालेला, एक काहीच न मिळालेला. भाजीची आवड आणि प्रत्यक्ष खाल्लेलं प्रमाण वाढलं ते चाखवणाऱ्या गटात. नुसतं पत्रक वाचलेल्यांच्या मुलांत तसा फरक पडला नाही. पण हे कळलं ते पत्रकाचा गट होता म्हणूनच. तुलनेला कुणी नसतं, तर चौदा दिवसांत मूल आपोआप सुधारलं की पद्धतीमुळे, हे सांगता आलं नसतं. त्या गटात बसणं म्हणजे वेळ फुकट घालवणं नव्हे; मात्र तिथे तुमच्या मुलाला फायदा होईल अशी अपेक्षा धरणं ही फसवणूक आहे, आणि ती तुम्ही स्वतःचीच करताय. अभ्यास हा उपचार नाही. 'शेवटचा उपाय' म्हणून सही करणार असाल तर करू नका. महिनाभर थोडी धावपळ झाली तरी चालेल, आणि दुसऱ्या गटात गेलो तरी मन खट्टू होणार नाही, असं असेल तर जरूर करा.

धावपळ कसली, तेही आधी जाणून घ्या. अशा अभ्यासात खाल्लेलं अन्न ग्रॅममध्ये मोजतात. वाटी भरवण्याआधी वजन करायचं, नंतर करायचं. पण बावीस महिन्यांच्या मुलाच्या वाटीतून गेलेलं सगळंच पोटात जात नाही. म्हणून लाळेरंही आधी आणि नंतर तोलतात, तोंड पुसलेला कागदसुद्धा, टेबलावर आणि खाली सांडलेलं गोळा करून परत वाटीत टाकतात. दहा ग्रॅम चाखलं की तीन, याचा निकाल त्या लाळेऱ्यावर लागतो. काही ठिकाणी हे पालकांनाच करायला देतात, वर चेहऱ्याचं चित्रीकरणही मागतात. संमतीपत्रावर हे सगळं लिहिलेलं असायला हवं. रक्त काढणार का, किती भेटी, कोणती भाजी, चित्रफिती कोण बघणार आणि किती वर्षं ठेवणार, त्रास झाला तर खर्च कुणाचा, हे विचारा. कुठल्याही दिवशी, कारण न देता, बाहेर पडता आलं पाहिजे आणि त्यामुळे मुलाच्या नेहमीच्या उपचारांत फरक पडता कामा नये. नीतिमत्ता समितीच्या मंजुरीचा क्रमांक आणि अभ्यासाची सार्वजनिक नोंदणी मागायला संकोच करू नका. चांगला संशोधक या प्रश्नांनी चिडत नाही. पत्रकाच्या गटाला शेवटी तीच पद्धत शिकवणार का, हाही प्रश्न विचाराच. पुष्कळ ठिकाणी शिकवतात. आणि सही दोघांच्या मनाने होऊ द्या. एकाच्या मनाविरुद्ध घातलेलं मूल सहाव्या दिवशी अभ्यासातून बाहेर पडतं, मग ते कुणाच्याच कामाचं नाही.

इथे क्रमाचा एक पेच आहे. अभ्यास चालू असताना तुम्ही घरी दूध कमी केलंत, मोबाइल बंद केलात, तर फरक कशामुळे पडला ते कुणालाच कळणार नाही. उलट, अभ्यासासाठी म्हणून दूध ९०० वर ठेवणं मुलाच्या हिताचं नाही. माझं मत स्पष्ट आहे: दूध आधी. संशोधकांना फोन करून सरळ सांगा की दूध जास्त आहे, ते आम्ही कमी करतोय, तपासण्याही चालू आहेत. बहुतेक ते तुम्हाला काही आठवडे थांबवतील, किंवा घेणार नाहीत. दोन्ही ठीक आहे.

दूध उतरवायचं ते एकदम नाही. दर तीन-चार दिवसांनी एक बाटली कमी करा. पहिली जाईल ती जेवणाच्या आधीच्या दीड तासात येणारी, झोपेची सगळ्यात शेवटी. उरलेलं दूध बाटलीतून पेल्यात न्या. पेल्यातून मूल आपोआप कमी पितं, आणि झोपेत दातांवर दूध साचत नाही. महिन्याअखेर दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर, दोन-तीन वेळांत विभागून, आणि जेवणानंतर. पहिले तीन दिवस तो रडेल आणि जेवणही वाढणार नाही. बहुतेक घरांत दुसऱ्याच दिवशी रात्री बाटली परत येते, आणि सगळं तिथेच फसतं. चौथ्या-पाचव्या दिवशी भूक जागी होऊ लागते.

जेवणं तीन आणि मधली खाणी दोन, प्रत्येकात अडीच-तीन तासांचं अंतर. मध्ये फक्त पाणी. बिस्किट हातात घेऊन घरभर फिरणं बंद. खुर्चीत पाय लोंबकळत नसावेत, खाली टेकू असावा. धड बसता येत नसेल तर मूल खाण्यापेक्षा तोल सांभाळण्यातच गुंततं. वीस ते तीस मिनिटं झाली की ताट उचला, खाल्लेलं असो वा नसो, चेहऱ्यावर काही न दाखवता. (सगळ्यात अवघड भाग हा चेहऱ्याचाच.)

भाजी चाखवणं त्यानंतर सुरू करा, दोन आठवड्यांनी. एकच भाजी निवडा. अगदी नावडती नको, मध्यम नावडती घ्या, समजा गाजर. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत चिरडेल इतकं मऊ शिजवा. कच्च्या गाजराचा कडक तुकडा घशात अडकू शकतो, तसंच द्राक्षं उभी चिरून चार तुकडे करूनच द्यायची आणि अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत टाळायचे. रोज त्याच वेळी, जेवणाच्या सुरुवातीला, भूक असताना, वाटाण्याएवढा एक तुकडा. तसाच एक तुम्ही खा, त्याच्यासमोर. 'जिभेला लावून बघ, नको तर इथे काढ' म्हणून कागद पुढे ठेवा. थुंकण्याची परवानगी ही पद्धतीतली गंमत नाही, तो तिचा कणा आहे, कारण बाहेर काढता येतं हे कळलेलं मूलच तोंडात घ्यायला धजतं. तोंडात गेलं की त्या दिवसाचं काम झालं, नाही गेलं तर उद्या. नुसतं ताटात दिसून आवड वाढत नाही, जिभेला लागावं लागतं. म्हणून मोजायचे ते चाखलेले दिवस. ते दहा ते पंधरा झाले पाहिजेत.

पालक फार लवकर हरतात, ही इथली नेहमीची चूक. सात महिन्यांच्या बाळांवरच्या एका अभ्यासात नावडती म्हणून आईने सोडून दिलेली भाजी आणखी आठ वेळा, एकाआड एक दिवस दिली. आठव्या वेळेपर्यंत ७० टक्क्यांहून जास्त बाळं ती नीट खाऊ लागली. तुमचं मूल त्याहून मोठं, म्हणून जास्त वेळा धरा. दुसरी चूक चेहऱ्यावर जाण्याची. दुसऱ्या एका अभ्यासात बाळांना आठ दिवस फरसबीचं वाटण दिलं. खाण्याचं प्रमाण वाढलं, पण नुसती फरसबी मिळालेल्या बाळांनी नाक-डोळे आक्रसणं काही सोडलं नाही. चेहरा बघून थांबणारी आई तिसऱ्याच दिवशी थांबली असती. तोंड वाकडं करून पुढचा घास घेत असेल, तर घासाकडे बघा.

'गाजर खा, मग बिस्किट' हे मात्र नको. त्यातून गाजर ही किंमत ठरते आणि बिस्किट बक्षीस. चार वर्षांच्या पुढच्या मुलांत चाखण्यासाठी स्टिकर दिलेले चालतात, आवड घटत नाही. बावीस महिन्यांच्या मुलाला त्याचा अर्थच कळत नाही. भाजी भातात लपवली तर पोषण पोटात जातं, पण ओळख होत नाही. खोकला, ताप, दाढा येणं असेल तर तेवढे दिवस थांबा आणि पुढे मोजणी तिथूनच सुरू करा. हे सगळं करूनही काही मुलांत फारसा फरक पडत नाही. अभ्यासांतले आकडे सरासरीचे असतात, आणि सरासरीत तुमचा मुलगा कुठे बसतो ते सरासरी सांगत नाही.

ही पद्धत कुणी वापरू नये, तेही सांगायला हवं. खाताना वारंवार ठसका लागणं, गिळताना ओला-घरघरता आवाज, दाणेदार पोत जिभेला लागताच उलटी, वजन घटणं किंवा तक्त्यावरच्या रेघा ओलांडून खाली येणं, एकेक पदार्थ सुटत जाणं आणि नवा एकही न येणं, या खुणा साध्या हट्टाच्या नाहीत. अशा मुलाला बालरोगतज्ज्ञ आणि खाणं-गिळणं तपासणाऱ्या थेरपिस्टकडे न्यायचं, गाजराचा तुकडा घेऊन बसायचं नाही. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, फक्त शेवटच्या खुणेवर नजर ठेवा: आज तो काय काय खातो त्याची यादी लिहा, सहा आठवड्यांनी परत लिहा. भात, केळं, बटाटा, बिस्किट या चारांतलंही एखादं गळालं असेल, तर ती यादी घेऊनच डॉक्टरांकडे जा.